विक्सबर्गचा वेढा : तटाच्या आतले आणि बाहेरचे गुलाम

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–१८६५) इतिहासात विक्सबर्गचा वेढा हा बहुधा सेनापतींच्या कर्तबगारीचा अध्याय म्हणून सांगितला जातो. आमच्या मते ही मांडणी अपुरी आहे.

मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच टेकाडांवर वसलेले हे शहर दक्षिणेच्या हाती असेपर्यंत उत्तरेला नदीचा संपूर्ण मार्ग खुला होणे शक्य नव्हते. जनरल ग्रँट यांचे १९ व २२ मे १८६३ चे हल्ले परतवले गेले. तेव्हा त्यांनी वेढा आवळला. खंदक पुढे सरकवीत सैनिक तटाला भिडले. २५ जूनला सुरुंगाने एक बुरूज उडविण्यात आला. नदीतील युद्धनौकाही तोफा डागीत होत्या. नागरिक टेकड्या पोखरून केलेल्या गुहांत राहू लागले, खेचरांचे मांस खाण्याची पाळी आली. ४ जुलैला जनरल पेम्बर्टन सुमारे २९,५०० सैनिकांसह शरण आले.

परंतु ज्या तटामुळे हे शहर ४७ दिवस तग धरून राहिले, तो उभारण्यासाठी गुलामांचे श्रम वापरले गेले होते, हे विसरता येत नाही. आणि तटाबाहेर काय घडत होते? १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेने कृष्णवर्णीयांना सैन्यात प्रवेश दिला होता. वेढ्यावरील दाब कमी व्हावा म्हणून ७ जूनला टेक्सासच्या फौजेने नदीकाठच्या मिलिकन्स बेंड येथील उत्तरेच्या तळावर हल्ला केला. तळाचे रक्षण मुख्यतः नुकत्याच भरती झालेल्या, कालपर्यंत गुलाम असलेल्या सैनिकांकडे होते. त्यांना बंदुकीचे धड शिक्षणही मिळालेले नव्हते. संगिनींनी हातघाईची लढाई झाली आणि युद्धनौकेच्या साहाय्याने तळ राखला गेला. सुमारे ११०० रक्षकांपैकी साडेसहाशेच्या आसपास ठार, जखमी वा बेपत्ता झाले. ‘हे लढतील काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांनी रक्ताने दिले. तरीही कृष्णवर्णीय सैनिकांच्या समान वेतनाचा कायदा होण्यास जून १८६४ उजाडावा लागला!

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या कृतज्ञतेत आपण एका गोष्टीची भर घातली पाहिजे : मुक्तिदात्यांच्या पंक्तीत ते गुलामही उभे होते. मुक्ती त्यांना केवळ दानात मिळाली नाही. ती त्यांनी लढूनही मिळविली. लष्करी इतिहास लिहिणाऱ्यांनी सेनापतींच्या नावांबरोबर हेही नोंदविले पाहिजे.