मायक्रोफोनची पारख

घरी बसून आवाजाचे मुद्रण करणाऱ्यांची संख्या आता बरीच वाढली आहे. कोणी अंधांसाठी पुस्तके वाचून ठेवतो, कोणी माहितीपटाचे निवेदन करतो, कोणी घरातील वृद्धांच्या तोंडच्या ओव्या आणि हकिगती जपून ठेवू पाहतो. या कामासाठी मायक्रोफोन घ्यावयाचा ठरला की पहिला प्रश्न निघतो किमतीचा आणि दुसरा प्रसिद्ध नावाचा. परंतु या यंत्राचा जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर प्रश्नांचा हा क्रम बदलावा लागतो. बोलणारा यंत्रापासून किती अंतरावर बसणार, कोणत्या खोलीत बसणार आणि त्याचे बोलणे ऐकणार कोण, हे प्रश्न आधीचे. यंत्राचा प्रश्न त्यांच्यानंतरचा.

मायक्रोफोन हा शब्द या यंत्राहून जुना आहे. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन याने तो १८२७ मध्येच वापरला होता. मात्र त्याचे उपकरण विजेवर चालणारे नव्हते. आजच्या अर्थाने तो शब्द रूढ केला डेव्हिड एडवर्ड ह्यूज याने, १८७८ मध्ये. कोळशाच्या दोन ठोकळ्यांत सैल बसवलेली कोळशाची कांडी, एक विद्युत्घट आणि टेलिफोनचा कानाला लावावयाचा भाग, एवढ्या साहित्यावर त्याने माशीच्या पावलांचा आवाजही ऐकवून दाखवला. या शोधाचे एकस्व त्याने घेतले नाही. अमेरिकेत एमिल बर्लिनर आणि एडिसन हे दोघे १८७७ मध्येच या तत्त्वाच्या मागे लागले होते. तत्त्व सोपे आहे: आवाजाच्या लाटेने सैल सांधा दाबला जातो, सुटतो, आणि त्यातून जाणारा विद्युत्प्रवाह त्याच मानाने कमीअधिक होतो. १८७८ मध्येच यॉर्कशायरमधील हेन्री हनिंग्ज या धर्मोपदेशकाने कांडीऐवजी कोळशाचे बारीक कण वापरण्याची युक्ती काढली. पुढे या जातीचा मायक्रोफोन टेलिफोनमध्ये पिढ्यान् पिढ्या टिकला. तो दणकट होता, स्वस्त होता. परंतु त्याच्या कणांची खरखर कधी थांबत नसे.

हे यंत्र हाताशी आल्यानंतरही ग्रामोफोनच्या तबकड्या कित्येक वर्षे मायक्रोफोनशिवायच भरल्या जात होत्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाई आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर रेघ कोरी. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गसमोर गौहर जान गायिली, ती अशा कर्ण्यातच. कर्ण्याला हळू बोललेले कळत नसे. सुमारे २५० ते २,५०० आवर्तनांच्या पट्ट्यात जे बसेल तेवढेच तबकडीवर उमटे. खालचा भरीवपणा आणि वरचे स, श यांसारखे बारीक घर्षण बाहेर राही. ज्याचा गळा मोठा त्याचाच आवाज टिके, असा तो काळ होता.

या मर्यादेचा फटका गाण्याइतकाच बोलण्यालाही बसला. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातील शंभराच्या आसपास भाषा व बोली तबकड्यांवर भरून घेण्यात आल्या. तुलना सोपी जावी म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट हा समान मजकूर वाचून घेतला जाई. हा ठेवा अमोल आहे. तथापि त्यांतील १९२५ पूर्वीचे मुद्रण कर्ण्यासमोरचे. घरात, ओसरीवर, बाजारात माणसे जशी बोलतात तसे बोलणे कर्ण्याला पेलत नव्हते. त्याला घोषणेचा सूर लागे. आपल्या पणजोबांच्या पिढीचे सहज बोलणे आज कानी पडत नाही, याचे एक कारण हेही आहे.

१९२५ मध्ये हे चित्र पालटले. एडवर्ड वेंट या संशोधकाने १९१६ मध्ये कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन तयार केला होता. ताणलेला पातळ धातूचा पडदा आणि त्याच्या मागे केसभर अंतरावर एक स्थिर पट्टी, अशी त्याची रचना. आवाजाने पडदा हलला की दोहोंमधील विद्युत्धारणा बदलते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने मायक्रोफोन आणि विजेचे प्रवर्धक यांची जोड घालून मुद्रणाची नवी पद्धत सिद्ध केली, आणि पट्टा सुमारे १०० ते ५,००० आवर्तनांपर्यंत रुंदावला. आता गळ्याचा जोर ही अट उरली नाही.

याचा अर्थ काय झाला, हे मराठी रसिकाला एका उदाहरणाने सहज पटेल. काही काळ बडोद्याच्या दरबारात असलेले आणि पुढे मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ १९०५ च्या सुमारास कर्ण्यासमोर गायिले होते. पुन्हा १९३० नंतरच्या दशकात ते मायक्रोफोनसमोर गायिले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. बारीक, सुरेल आणि हळुवार होता. आज ज्या तबकड्यांमुळे ते घरोघरी ठाऊक आहेत, त्या या दुसऱ्या काळातल्या. मायक्रोफोन नसता तर असा गळा पुढील पिढ्यांना बहुधा अर्धाच कळला असता.

यानंतरच्या प्रत्येक शोधाने अंतराचा प्रश्न नव्याने सोडवला. १९३१ मध्ये वेंट आणि थुरास यांनी हलत्या तारेच्या वेटोळ्याचा, म्हणजे डायनॅमिक जातीचा, चांगल्या प्रतीचा मायक्रोफोन पुढे आणला. तो धक्के सोसणारा असल्याने सभामंडपात आणि रस्त्यावर उपयोगी पडला. त्याच सुमारास अमेरिकेत हॅरी ओल्सन याने रिबन जातीला रूप दिले. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोंबणारी, चुण्या पाडलेली ॲल्युमिनियमची अतिपातळ पट्टी समोरचे आणि मागचे ऐके, बाजूंचे ऐकत नसे. तिच्या अगदी जवळ बोलले की आवाज खर्जात भरून येई. जवळिकीचा हा परिणाम दिशा ओळखणाऱ्या बहुतेक मायक्रोफोनांत आजही आहे. १९३९ मध्ये शूर कंपनीसाठी बेंजामिन बाउअर याने एकाच घटकावर चालणारा, समोरचे ऐकणारा आणि मागचे टाळणारा मायक्रोफोन साधला. त्याच्या ग्रहणाची आकृती हृदयासारखी असते.

यंत्र बदलले तसे बोलणेही बदलावे लागले. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी बी.बी.सी.च्या भाषणविभागाच्या प्रमुख झालेल्या हिल्डा मॅथेसन यांचा आग्रह असा की, नभोवाणीवर व्याख्यान झोडू नये. घरात बसलेल्या एका माणसाशी बोलावे तसे बोलावे. हजारो श्रोत्यांपुढे बोलणारा प्रत्यक्षात एकट्याच्याच कानाशी असतो, ही समज मायक्रोफोनने दिली. १९३४ मध्ये अमेरिकेत आणि १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये अंधांसाठी बोलक्या पुस्तकांच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा या समजुतीला मोठे मोल आले. तेथे वाचकाचा आवाज हाच कागद आणि तीच शाई. एखादे अक्षर पुसट निघाले तर श्रोत्याला मान वर करून पान पाहता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे यंत्र हळूहळू घरात शिरू लागले. बर्लिनच्या नॉयमन कंपनीचा १९४९ चा यू-४७ स्टुडिओचा मानदंड ठरला. पण तो घरगुती खरेदीचा विषय नव्हता. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायम विद्युत्भार धरून ठेवणाऱ्या पडद्याचा इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला आणि स्वस्ताईचे दार उघडले. पुढे कॅसेट-यंत्रांत आणि टेलिफोनांत हीच जात अगणित संख्येने बसली. १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी नॉयमन कंपनीने मायक्रोफोनच्या तारेतूनच ४८ व्होल्टची वीज पुरवण्याची सोय केली. त्या केंद्रात आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून तो आकडा निवडला गेला. आज घरगुती जोडयंत्रावर ४८ असे लिहिलेले बटण दिसते, त्याचा उगम येथे आहे.

येथवर यंत्राची बाजू झाली. खोलीची बाजूही तितकीच जुनी आहे. १९२३ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हिल येथील बी.बी.सी.च्या स्टुडिओत भिंतींवर जाड पडदे सोडलेले असत, कारण भिंतीवरून परतणारा आवाज मायक्रोफोनला फसवतो. २०२० च्या टाळेबंदीत नामांकित निवेदकांनी कपड्यांच्या कपाटांत आणि रजयांखाली बसून काम चालवले, ते याच न्यायाने. गोव्यातील फरशीची, उंच छपराची खोली किंवा इंदूरकडील जुन्या वाड्यातील दिवाणखाना राहण्यास प्रशस्त; मुद्रणास मात्र अवघड. अशा खोलीत संवेदनशील कंडेन्सर ठेवला तर तो बोलणाऱ्याबरोबर भिंती, पंखा आणि रस्ताही ऐकतो. तेथे जवळून बोलावयाचा साधा डायनॅमिक अधिक प्रामाणिक ठरतो. उलट गाद्या, गोधड्या, पुस्तके यांनी भरलेली शांत लहान खोली असेल, तर कंडेन्सरचा बारकावा उपयोगी पडतो. गोधड्यांनी वरचे स्वर शोषले जातात. खालची घरघर तशीच राहते, हेही विसरता कामा नये.

आता पारख. या बाबतीतला एक जुना धडा एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून भरवलेल्या जाहीर चाचण्यांत सापडतो. रंगमंचावर गायिका आणि ग्रामोफोन शेजारी उभे करीत आणि अंधारात कोण गाते आहे ते ओळखण्यास सांगत. श्रोते थक्क होऊन जात. त्यांतील गायिका ॲना केस हिने पुढे उतारवयात सांगितले की, तिने आपला आवाजच यंत्रासारखा केला होता. ज्याला निकाल ठाऊक आहे त्याच्या हाती चाचणी दिली की असे होते. ज्याने पैसे मोजले त्यालाही आपले यंत्र नेहमी गोडच ऐकू येते.

म्हणून पारख क्रमाने करावी. प्रथम काहीही न बोलता एक मिनिट मुद्रण करून ऐकावे. शीतकपाट, पंखा, कावळे, वाहने, सारे कळते. ध्वनिपुस्तकांच्या व्यवसायात एसीएक्स या संस्थेचा नियम असा आहे की, शांततेतील गोंगाट उणे ६० डेसिबेलच्या खाली आणि आवाजाचे शिखर उणे ३ डेसिबेलच्या आत असावे. नंतर एक टाळी वाजवून खोलीचा घुमार पाहावा. मग एकच वाक्य वीतभर अंतरावरून, दोन वितींवरून आणि हातभर अंतरावरून वाचावे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की थेट आवाज ६ डेसिबेलने उतरतो. खोलीचा घुमार मात्र फारसा उतरत नाही. मायक्रोफोन ओठांच्या नेमका समोर न ठेवता थोडा कडेला ठेवावा, म्हणजे प, फ, भ यांचा झोत पडद्यावर आदळत नाही.

वाक्य निवडताना इंग्रजी नमुन्यांवर विसंबू नये. मराठीच्या अडचणी मराठीच्याच आहेत. चार आणि चारा यांतील दोन च, जग म्हणजे विश्व आणि जग म्हणजे जिवंत राहा यांतील दोन ज, गाल आणि गाळ, बार आणि भार, हे भेद ज्या मुद्रणात आपोआप कळतात ते मुद्रण चांगले. यांपैकी पुष्कळ भेद उच्च आवर्तनांत राहतात. ३०० ते ३,४०० आवर्तनांच्या जुन्या टेलिफोनी पट्ट्यात ते पुसट होत. दोन यंत्रांची तुलना करावयाची तर दोहोंचा मोठेपणा आधी सारखा करावा, कारण जे मोठे ऐकू येते तेच कानाला चांगले वाटते. मग नावे न सांगता ते दुसऱ्या कोणाला ऐकवावे. शक्य तर ज्याच्यासाठी वाचावयाचे त्यालाच. अंध श्रोत्याने न अडखळता अर्धा तास ऐकले, तर किमतीचा प्रश्न तेथेच मिटला.

ग्रिअर्सनच्या काळी बोली टिपण्यास सरकारी मोहीम लागली आणि तरीही सहज बोलणे निसटले. आज बेळगावची, बडोद्याची, इंदूरची, ग्वाल्हेरची, हैदराबादची मराठी तिच्या हेलासकट टिपावयास एक बेताचा मायक्रोफोन, गोधड्या टांगलेली एक खोली आणि वीतभर अंतर पुरते. शेजारच्या भाषांबरोबर राहून या मराठीला आलेले वळण पुस्तकांत फारसे उतरलेले नाही. ते वृद्धांच्या तोंडी आहे. यंत्र निवडण्यात महिने घालवण्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज आधी टिपून घेणे अधिक निकडीचे आहे. चांगला मायक्रोफोन पुढल्या वर्षीही मिळेल.