शलाकेपासून लेसरपर्यंत : नजर सुधारण्याच्या शस्त्रक्रियांची वाटचाल

आमची आजी रामबागेतल्या जुन्या घरातून काठी टेकत मंडळाच्या आरतीला यायची. तिच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा असे. १९८८ साली एका नेत्रशिबिरात तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. इंदूरच्या सवयीने आम्ही घरी त्याला ‘मोतियाबिंद’च म्हणायचो. ऑपरेशननंतर कित्येक दिवस तिला उताणे झोपवून ठेवले होते. खोकायचे नाही, वाकायचे नाही, जोरात बोलायचे नाही. पुढे दिसू लागले खरे, पण पायरी कुठे संपते ते तिला नीट कळत नसे आणि प्रसादासाठी पुढे केलेला हात वाटीच्या अलीकडेच थांबत असे.

माझ्या आईचे तेच ऑपरेशन २०१६ साली झाले. सकाळी गेलो आणि दुपारच्या वरणभाताला घरी परत आलो. आणि या वर्षी माझी एकोणीस वर्षांची लेक म्हणाली, “बाबा, मला चष्मा नको. लेसर करून घेऊ या.” तिचा नंबर मायनस सात. एका केंद्राची जाहिरात तिने मोबाइलवर दाखवली. पंधरा मिनिटांत चष्म्यापासून कायमची सुटका!

मी लोकनिर्माण विभागात उपयंत्री आहे. डिप्लोमा स्थापत्याचा, डॉक्टरकीशी संबंध नाही. पण पूल जुना असो की नवा, हात लावण्याआधी त्याची जुनी फाइल मागवायची ही आमची सवय. म्हणून या शस्त्रक्रियांचीही फाइल मागवावी असे ठरवले. जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते मंडळाच्या वाचकांसमोर ठेवतो.

सुरुवात आपल्याच देशात होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘लिंगनाश’ नावाच्या नेत्रविकारावर शलाकेने करायची शस्त्रक्रिया सांगितली आहे. रुग्णाला बसवून नाकाकडे पाहायला सांगायचे, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून शलाका आत घालायची आणि दृष्टीच्या आड आलेला दोष दूर करायचा. नंतर डोळ्यावर तूप लावून पट्टी बांधायची आणि रुग्णाला उताणे झोपवायचे. शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे सगळे वर्ज्य. हे वाचताना मला आजीची खाट आठवली. इतक्या शतकांत पथ्य फारसे बदललेले नव्हते.

या पद्धतीत गढूळ झालेले भिंग बाहेर काढत नसत, डोळ्याच्या आतच खाली ढकलत. वाटेतला दगड बाजूला सारावा तसे. उजेडाला वाट मिळे, रुग्णाला लगेच दिसू लागे आणि वैद्य बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई. पण सरकलेले भिंग पुढे डोळ्यात सूज आणि दाब निर्माण करी. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनी असे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. त्यातले कितीतरी डोळे नंतर कायमचे गेले होते. तोवर वैद्य गावात नसे, त्यामुळे अपयश त्याच्या कानावरही जात नसे.

युरोपात हीच ढकलण्याची पद्धत होती. फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक पडद्याला, छेद देऊन गढूळ भिंग बाहेरच काढले. मोतीबिंदूच्या आजच्या शस्त्रक्रियेचा पाया तिथे घातला गेला.

या इतिहासात आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांना अभिमान वाटावा असे एक नाव आहे. तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे. जन्म १७७७, कारकीर्द १७९८ ते १८३२. खरी सत्ता इंग्रजांकडे गेली होती, पण राजांनी विद्येचे राज्य सोडले नाही. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि विलायती अशा दोन्ही वैद्यकांवर काम चाले. राजांना स्वतःला नेत्रचिकित्सेत गोडी होती. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणता हे त्यांत लिहिलेले आहे आणि सोबत त्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेली आहेत. ज्या ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत, त्याच ग्रंथालयात हे नेत्ररुग्णांचे कागद! एलियट यांनी पाहिलेला फिरता वैद्य आणि तंजावरचा दरबार यांत मला फरक दिसतो तो या नोंदीचा.

दाव्हिएलनंतर दोनशे वर्षे एक अडचण कायम राहिली. भिंग काढले की डोळ्यात भिंग उरत नाही. त्याची भरपाई बाहेरून जाड काचांनी करायची. त्या काचांतून वस्तू सुमारे पाव पट मोठ्या आणि जवळ दिसतात. आजीचा हात वाटीच्या अलीकडे का थांबे, हे मला इतक्या वर्षांनी कळले. आम्ही मुले तिला हसायचो.

या अडचणीवर उत्तर सापडले ते लढाईतून. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिकांच्या विमानांची पुढची झाकणे पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकची होती. गोळी लागून ती फुटत आणि त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिले की हे कण डोळ्यात राहूनही डोळा ते मुकाट्याने सोसतो. पुढे एका विद्यार्थ्याने शस्त्रक्रिया पाहताना विचारले, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसवणार नाही का? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट टॉमस रुग्णालयात रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले. भिंगाचा हिशोब चुकला आणि रुग्णाला मोठा मायनस नंबर आला, पण भिंग डोळ्यात राहू शकते हे दिसले. बड्या तज्ज्ञांनी बरीच वर्षे त्यांना उभे केले नाही. ‘सर’ हा किताब मिळाला तो २००० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशीच भिंगे बसवली गेली.

१९६७ मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स केलमन यांनी दात साफ करण्याच्या ध्वनिलहरींच्या उपकरणावरून कल्पना घेऊन मोतीबिंदू आतल्या आत फोडून शोषून घेण्याची पद्धत काढली. हेच आजचे ‘फेको’. छेद लहान, टाके नाहीत. भारतात १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांचे अरविंद रुग्णालय काढले. त्याच संस्थेच्या ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगे इथेच बनवायला घेतली आणि त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. आजी आणि आई यांच्या ऑपरेशनांत जे अंतर पडले, त्यामागे ही सगळी माणसे आहेत.

आता चष्म्याच्या नंबराकडे वळतो, कारण लेकीचा प्रश्न तो आहे. इथे डोळा आजारी नसतो, फक्त प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पडत नाही. कॉर्नियाचा गोलवा थोडा चपटा केला तर मायनस नंबर उतरतो. हे गणित सोपे, करणे अवघड.

जपानमध्ये त्सुतोमु सातो यांनी कॉर्नियाच्या आतल्या बाजूने त्रिज्येसारख्या चिरा देऊन तो चपटा केला. नंबर उतरले. पण आतल्या बाजूला पेशींचा जो नाजूक थर कॉर्नियाला स्वच्छ ठेवतो, तोच चिरांनी दुखावला होता. कित्येक वर्षांनी त्यातल्या अनेक रुग्णांचे कॉर्निया पांढरे पडले.

मॉस्कोचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७०च्या दशकात चिरा बाहेरच्या बाजूने दिल्या. त्यांच्याकडे आलेल्या एका मुलाच्या डोळ्यात चष्म्याची काच फुटून जखमा झाल्या होत्या आणि त्या भरल्यावर त्याचा नंबर कमी झाला होता. फ्योदोरोव यांच्या संस्थेत रुग्णांची टेबले कारखान्यातल्या पट्ट्यासारखी एका सर्जनकडून दुसऱ्याकडे सरकत. ही पद्धत जगभर गेली. अमेरिकेत मात्र काही रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. १९९४ साली निष्कर्ष आला की ४३ टक्के डोळ्यांचा नंबर हळूहळू एक किंवा त्याहून अधिक प्लसकडे सरकला होता.

आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने १९९१ मध्ये हे ‘रेषांचे ऑपरेशन’ करून घेतले होते. लग्नाआधी चष्मा गेला म्हणून पेढे वाटले होते. आज त्यांचा नंबर प्लसमध्ये आहे आणि सकाळ-संध्याकाळ थोडा बदलतो. आता मोतीबिंदू झाला आहे, तर भिंगाचा नंबर काढायला डॉक्टर जुने कागद मागतात. कॉर्नियाचा आकार बदललेला असला की नेहमीचा हिशोब चुकू शकतो. कागद मात्र त्यांच्याकडे नाहीत.

बोगोटाचे होसे बराकेर यांनी तिसरी वाट धरली. कॉर्नियाची पातळ चकती कापायची, गोठवायची, लेथवर घासून आकार द्यायचा आणि परत शिवायची! पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये लेथवर हात काळे केलेल्या माणसाला यातली हिंमत लगेच कळेल. पण लेथपेक्षा बारीक हत्यार हवे होते.

ते सापडले २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातले उरलेले टर्कीचे तुकडे घेऊन कामावर आले आणि त्यांवर एक्सायमर लेसर सोडला. हिरव्या लेसरने मांस करपले होते, १९३ नॅनोमीटरच्या या अदृश्य किरणाने मात्र आजूबाजूला न जाळता स्वच्छ खाच पडली. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर हे काम डोळ्याकडे वळले. १९८८ साली मार्गरीट मॅकडोनल्ड यांनी दृष्टी असलेल्या माणसाच्या डोळ्यावर ते केले. ही पीआरके पद्धत, हिच्यात वरचा पातळ थर काढून लेसर मारतात. पुढे ग्रीसचे योआनिस पालिकारिस आदींनी आधी झाकणासारखा पापुद्रा उचलायचा, खाली लेसर मारायचा आणि पापुद्रा परत बसवायचा अशी जोड दिली. तेच लॅसिक. त्यानंतर स्माइल आले. त्यात पापुद्रा न उचलता, आतच कापलेली पातळ चकती लहान छेदातून ओढून काढतात. आणि ज्यांचा नंबर मोठा किंवा कॉर्निया पातळ, त्यांच्यासाठी नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्यापुढे जादा भिंग बसवण्याचा पर्याय आहे. त्यात कॉर्निया घासावा लागत नाही, पण डोळ्यात जागा पुरेशी हवी आणि दाब व मोतीबिंदू यांसाठी पुढे तपासणी चालू ठेवावी लागते.

आता लेकीचा हिशोब. कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर. तिची निघाली ४८५. पापुद्रा ११०. एक नंबर उतरवायला सुमारे १४ धरले तर सातांचे ९८. उरले २७७. किमान अडीचशे तरी राहावे असे मानतात, बरेच डॉक्टर तीनशेचा आग्रह धरतात. स्लॅब पातळ केली आणि भार तोच राहिला तर काय होते, ते मला कोणी सांगायला नको. कॉर्नियावर आतून दाब असतोच. तो कमकुवत झाला तर पुढे फुगतो आणि नजर चष्म्यानेही नीट होत नाही.

डॉक्टरांनी नकाशाही दाखवला. खालच्या भागात गोलवा किंचित वाढलेला होता. शिवाय वर्षभरात नंबर सव्वासहावरून सातवर गेला होता. ते म्हणाले, “लेसर नकोच. नंबर स्थिर होऊ दे. वर्षभराने सगळे पुन्हा मोजू, मग भिंगाचा विचार करू.” आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या, त्या जाहिरातीत नव्हत्या. नंबर उतरला तरी लांबट डोळा लांबटच राहतो, म्हणून दृष्टिपटलाची तपासणी सोडायची नाही. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा बहुधा लागतोच. तो लागलेला इसम शेजारीच बसला होता.

लेक रस्त्याभर बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “म्हणजे आजीच्या आजीसारखी मी पण चष्मेवाली.” मी तिला हा सारा इतिहास सांगितला. या शस्त्रक्रिया वाईट नाहीत. योग्य डोळ्यावर केल्या तर लाखो लोकांना त्यांचा फायदा झाला आहे आणि तिच्या दोन मैत्रिणी त्यांतल्याच आहेत. पण जिथे जिथे लोक फसले, तिथे पहिल्या दिवसाचे यश खरेच होते. दहाव्या वर्षी काय झाले ते कोणीतरी लिहून ठेवले, म्हणून आज तिला कोणी नको म्हणू शकले.

ऑपरेशन केलेल्यांना आणि करणार असलेल्यांना एकच विनंती. आधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी, नकाशा, बसवलेल्या भिंगाचे कार्ड हे सगळे जपून ठेवा. तीस वर्षांनी मोतीबिंदूच्या वेळी तेच उपयोगी पडेल. आमच्या घरी आता तशी फाइल केली आहे. वर लेकीचे नाव आहे आणि आत पहिला कागद या वर्षीचा, ४८५ मायक्रॉनचा. पुढच्या गणपतीनंतर दुसरा लागेल.