आई-बाबांनी बाहेर थांबावे!

न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजेच 'मोमा', १९२९ साली सुरू झालं. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना तिथे हमखास नेतो. मला मात्र तिथल्या चित्रांइतकीच व्हिक्टर डी'अमिको या कलाशिक्षकाची गोष्ट भावली.

१९३७ ते १९६९ त्यांनी मोमाचं शिक्षणाचं काम सांभाळलं. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ ते १९४८ कलाकेंद्र चालवलं. त्याआधी, १९४२ मध्ये, मुलांसाठी 'आर्ट कार्निव्हल' सुरू केला. आधी खेळण्यांशी मनसोक्त खेळायचं, मग रंग-कागद घेऊन सुचेल ते करायचं. आई-बाबांना आत प्रवेश नाही! चित्रकलेच्या स्पर्धा आणि रंग भरायची तयार पुस्तकं डी'अमिकोंना मुळीच मान्य नव्हती. पुढे १९६३ मध्ये हा कार्निव्हल दिल्लीलाही गेला.

आता आपल्याकडे बघा. मंडळाच्या चित्रकला स्पर्धेत मुलांपेक्षा आई-बाबांनाच जास्त टेन्शन! "अरे, झाड हिरवं काढ ना!" आपण बरेचसे इंजिनिअर, चूक दिसली की हात शिवशिवतात. पण मंडळी, जांभळं झाड हा काही 'बग' नव्हे. परक्या देशात वाढणाऱ्या या मुलांना सगळीकडे कुणाच्या तरी अपेक्षा पुऱ्या करायच्या असतात, शाळेत त्यांच्या आणि घरी आपल्या. निदान एक कागद तरी त्यांचा स्वतःचा असू द्या.

पुढच्या गणेशोत्सवात स्पर्धेऐवजी अशी एक खोली ठेवूया का? रंग मी आणतो. दारावरची पाटी मात्र सगळ्यांनी पाळायची.