सिस्टर आणि अखोत

आपल्या सिनेगॉगच्या या स्मरणिकेत हजान, गब्बाई आणि देणगीदार यांचे स्मरण होणे योग्यच आहे. परंतु ज्या भगिनी कित्येक शब्बाथांना तेफिल्लाला दिसल्या नाहीत, कारण त्या वेळी त्या वॉर्डात उभ्या होत्या, त्यांच्याविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत.

कोकणात आपल्या वाडवडिलांना 'शनिवार तेली' म्हणत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. पुढे कुटुंबे मुंबईत आली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली समाजाची शाळा सुरू केली आणि मुलीही शिकू लागल्या. शिकलेल्या मुलीपुढे मुख्यतः दोन वाटा होत्या : शिक्षिका आणि नर्स. सोवळेओवळे आणि परपुरुषाची शुश्रूषा यांमुळे पुष्कळ घरांतून नर्सिंगला विरोध होई. म्हणून या पेशात ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि आपल्या मुली लवकर पुढे आल्या. १८८६ साली स्त्रियांसाठी सुरू झालेल्या कामा हॉस्पिटलची सूत्रे १९२८ ते १९४७ या काळात डॉ. जेरुशा झिराड यांच्या हाती होती. त्यांच्याकडे पाहून आपल्या मुलींना केवढा धीर आला असेल!

तरी वाट सोपी नव्हती. रात्रपाळीवर जाणाऱ्या मुलीला शेजारीपाजारी नावे ठेवीत. "मुलगी नर्स आहे" एवढ्यावरून स्थळे परत जात. पण त्याच मुलीच्या पगारातून धाकट्या भावाची फी भरली जाई, हेही चाळीने पाहिले.

१९४८ नंतर आपण इस्राएलमध्ये येऊ लागलो. इथे पुन्हा पहिल्यापासून आरंभ! उल्पानात हिब्रू गिरवायची, उजवीकडून डावीकडे लिहिलेले केसपेपर वाचायचे. औषधांची नावे ओळखीची होती, दुखण्याचे शब्द मात्र नवे. बेर-शेवाचे सोरोका रुग्णालय १९५९ साली उघडले. दिमोना आणि आसपासच्या गावांतील आपली वडीलधारी मंडळी तिथे जाऊ लागली. "पोटात कळ येते", "अंगात कसकस आहे", "जीव घाबरा होतो" हे डॉक्टरला हिब्रूत कसे सांगावे? अशा वेळी खाटेपाशी मराठी जाणणारी नर्स आली की म्हातारीचे अर्धे दुखणे तिथेच पळे. ते समाधान पगाराच्या चिठ्ठीत लिहिलेले नसते.

शनिवार तेल्यांच्या लेकींनी शनिवारी काम करावे का, असा प्रश्न कुणी विचारी. उत्तर आपल्या धर्मातच आहे : पिकुआह नेफेश. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही बाजूला ठेवावा लागतो. मिसर देशात फारोची आज्ञा मोडून बाळे वाचवणाऱ्या शिफ्रा आणि पुआ याही सुइणीच होत्या.

मुंबईत आपण नर्सला 'सिस्टर' म्हणत होतो. हिब्रूत तिला 'अखोत' म्हणतात. दोन्हींचा अर्थ बहीण. आज त्यांतील कित्येकजणी निवृत्त आहेत. काहींचे गुडघे दुखतात, काही स्वतःच खाटेवर आहेत. वाचकहो, या वर्धापनदिनी त्यांच्या घरी जाऊन बिकुर होलिमची मित्स्वा अवश्य करावी. आयुष्यभर त्यांनी आपली विचारपूस केली, आता पाळी आपली आहे.