विंचवाचं बिऱ्हाड आणि पाठीवरचा दिवा

मंडळी, जत्रेतल्या तंबूत बसून ज्यांनी सिनेमा पाहिला आहे, त्यांना एक आवाज आठवत असेल. पडद्यावरच्या गाण्याच्या मागे, तंबूबाहेर, एक इंजिन सारखं धडधडत असायचं. ते चालू होतं तोवर त्याकडे कोणाचं लक्ष नसे. ते थांबलं की पडदा काळा, गाणं बंद, आणि शिट्ट्यांचा गदारोळ. मग कोणीतरी कंदील घेऊन ट्रकमागे धावे. थोड्या वेळानं पुन्हा धडधड सुरू झाली की सारा तंबू हुश्श करी.

त्या ट्रकवर टूरिंग टॉकीजवाल्याचा सगळा संसार असे. तंबू त्यावरच, यंत्र त्यावरच, आणि उजेडही त्यावरच. आपल्याकडे म्हण आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पण बिऱ्हाड पाठीवर घेणं सोपं. दिवा पाठीवर घेणं अवघड. चाकांवरच्या घराला स्वतःचा दिवा कसा मिळाला, त्याची ही गोष्ट आहे. ती इंग्लंडात सुरू होते, अमेरिकेतून जपानात जाते आणि शेवटी आपल्या दाराशी येते.

चाकांवरचं घर ही काही नवी कल्पना नव्हे. आपल्याकडे बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडले. युरोपात जिप्सी लोक घोडागाडीतच जन्मले आणि गाडीतच म्हातारे झाले. पण हे सगळं पोटासाठी. नुसत्या हौसेसाठी असं घर बांधून घेणाऱ्यांत पहिलं नाव घेतात ते विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थाचं. हा आरमारातला निवृत्त डॉक्टर. मुलांसाठी साहसकथा लिहून नाव मिळवलेला. त्यानं १८८५ साली ब्रिस्टलच्या एका गाडी कारखान्यातून ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या, नावाची गाडी करवून घेतली. सुमारे अठरा फूट लांब, महॉगनीच्या लाकडाची, भरल्यावर जवळजवळ दोन टन वजनाची. ओढायला दोन घोडे. शिवाय एक नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जायचा. अरुंद रस्त्यात समोरून कोणी येत असेल तर आधीच सूचना द्यायला! अशा थाटात डॉक्टरसाहेब दक्षिण इंग्लंडातून निघाले आणि थेट स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हरनेसपर्यंत पोचले. या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

या गाडीत पलंग होता, पुस्तकं होती, स्वयंपाकाची सोय होती. वीज मात्र नव्हती. सूर्य मावळला की तेलाचा दिवा. म्हणजे घर चाकांवर आलं खरं, पण उजेडाच्या बाबतीत ते आपल्या बैलगाडीच्या फार पुढे गेलेलं नव्हतं.

आता अमेरिकेत चला. तिथे वॉली बायम नावाचा माणूस होता. पोरवयात त्यानं मेंढ्या राखल्या होत्या, आणि त्या वेळी गाढवानं ओढायच्या लहानशा गाडीत त्याचा मुक्काम असे. मोठेपणी तो जाहिराती आणि मासिकांच्या धंद्यात शिरला, पण ती गाडी काही डोक्यातून गेली नाही. १९२९ च्या सुमारास त्यानं फोर्डच्या मोटारीचा सांगाडा घेऊन त्यावर राहण्याची सोय केली. स्वयंपाकघर असल्याशिवाय मी रानात मुक्कामाला येणार नाही, असं त्याच्या पत्नीनं बजावलं होतं, म्हणून हा खटाटोप, असं सांगतात. पुढे १९३१ साली त्यानं ‘एअरस्ट्रीम’ नावानं अशा गाड्या करायचा धंदा सुरू केला आणि १९३६ साली चकचकीत ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ बाजारात आणला. विमानासारखे रिव्हेट मारलेला हा ट्रेलर. चार माणसं निजायची सोय, पाण्याची स्वतःची टाकी आणि विजेचे दिवे. मोटारीमागे जोडला की निघाला! याच बायमच्या पुढाकारानं १९५९ साली एक्केचाळीस ट्रेलरांचा तांडा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपटाउनला, उभा राहिला आणि १९६० साली तो कैरोला पोचला. वाटेत रस्ते कुठे होते, कुठे नव्हतेच.

पण इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि गुरुजींनी तो वर्गात जरूर विचारावा. घर हिंडतं, मग त्याची वीज कुठून येते? गावात थांबलात तर खांबावरून तार घेता येईल. बॅटरी नेलीत तर ती कधी ना कधी उतरणारच. रानात खांब नाही. तिथे वीज घरासारखीच बरोबर न्यायला हवी.

त्याची किल्ली १८३१ सालीच हाती आली होती. त्या वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरेडेनं दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आतबाहेर हलवला की तारेतून वीज वाहते. चुंबक स्थिर ठेवा, वीज नाही. हलवा, वीज आली. सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवून पॅडल मारा. दिवा लागतो आणि पाय जड होतात. हाच तो नियम. वीज फुकट मिळत नाही; कोणीतरी ताकद लावावी लागते. १८६६ च्या सुमारास जर्मनीत वेर्नर सीमेन्सनं या तत्त्वावर जोरकस डायनॅमो उभा केला आणि इंजिननं फिरवायचं यंत्र हळूहळू कारखान्यांत आलं.

या यंत्राची गरज शहरापेक्षा शेतकऱ्याला जास्त होती. अमेरिका म्हटली की सगळीकडे झगमगाट, असं आपल्याला वाटतं. पण १९३५ च्या सुमारासही तिथल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती. दूरदूर विखुरलेल्या शेतांवर तारा नेणं कंपन्यांना परवडत नव्हतं. अशा शेतकऱ्यांसाठी १९१६ साली चार्ल्स केटरिंगच्या कारखान्यानं ‘डेल्को-लाइट’ हा संच विकायला काढला होता. लहान इंजिन, त्याला जोडलेलं जनित्र आणि जोडीला बत्तीस व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग. दिवसा इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या, रात्री गुपचूप दिवे लावायचे. १९३५ साली सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणाचं स्वतंत्र खातं काढलं, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्ज दिलं, तेव्हा कुठे तारा शेतांपर्यंत गेल्या. तार येईपर्यंत ज्यांनी वाट पाहिली नाही, त्यांना या धडधडत्या इंजिनानं हात दिला.

आता रेडिओचा संबंध ऐका. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची राखरांगोळी झालेली होती. १९४६ साली सोइचिरो होंडा या कारागिराला लष्कराची टाकून दिलेली काही छोटी इंजिनं मिळाली. ती कशासाठी बनवली होती? लष्कराच्या बिनतारी संचांना वीज पुरवणारी जनित्रं फिरवण्यासाठी! होंडानं ती सायकलींना बसवली. पेट्रोलची टाकी मिळेना, तेव्हा पहिल्या गाडीला चक्क अंथरुणात पाय शेकायची गरम पाण्याची बाटली लावली. त्या फटफटणाऱ्या सायकलीतून पुढे जगातली मोठी मोटारसायकल कंपनी उभी राहिली. आणि नियतीचा फेरा पाहा. १९६५ साली त्याच कंपनीनं ‘ई-३००’ हे तीनशे वॅटचं जनित्र काढलं. मूठ धरून उचलायचं, टेबलावरच्या दूरचित्रवाणी संचाएवढं. रेडिओच्या जनित्राचं इंजिन सायकलवर बसून जग हिंडलं आणि वीस वर्षांनी पुन्हा जनित्र होऊन घरी आलं.

आपल्याकडे त्याच सुमाराला काय होतं? १९५६ साली पुणे आकाशवाणीनं सुमारे दीडशे गावांत रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत. पुष्कळ गावांत खांब नव्हते. तिथे रेडिओ बॅटरीवर बोलायचा. बॅटरी संपली की गावाचा कान बंद. तेव्हा पाठीवरच्या विजेचं मोल आपल्या वडिलधाऱ्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

बरं, आज कोणी लहानसा ट्रेलर घेतला आणि बरोबर जनित्र न्यायचं ठरवलं, तर त्यानं आधी काय पाहावं? आधी भार मोजावा. चार दिवे, पंखा, मोबाइल यांना दोनशे वॅट पुष्कळ झाले. पण वातानुकूलन यंत्र हवं म्हटलं की एकदम तेराशे-पंधराशे वॅट लागतात, आणि कोणतीही मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट वीज मागते. बैल चढणीला जोर करतो तसंच हे. म्हणून नुसती चालती गरज धरून यंत्र घेणारा फसतो.

दुसरा हिशेब पेट्रोलचा. दोन हजार वॅटच्या आसपासचं आजचं चांगलं यंत्र घ्या. टाकी सुमारे साडेतीन लिटरची. अठराशे वॅटच्या पूर्ण भारावर ते तीन तासांच्या थोडं वर चालतं, म्हणजे साडेपाच युनिटांहून जास्त वीज देतं. पाव भारावर, साडेचारशे वॅटवर, आठ तास चालतं. म्हणजे साडेतीन युनिटांच्या आसपास. टाकी तीच, पेट्रोल तेवढंच, वीज मात्र कमी! कारण काम थोडं असो की फार, इंजिनाला स्वतःला फिरत ठेवण्याचा खर्च पडतोच. रिकामी गाडी नेली तरी बैलाला वैरण लागते. मोठं यंत्र घेऊन एक दिवा लावणं हे म्हणूनच शहाणपणाचं नव्हे. डेल्को-लाइटवाल्यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं: इंजिन थोडा वेळ चांगलं राबवा, बॅटरी भरा, आणि रात्री शांतपणे झोपा.

आवाजाचंही तसंच. जुनी जनित्रं आपल्याकडच्या पन्नास आवर्तनांच्या विजेसाठी बहुधा मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत. भार असो वा नसो, वेग तोच, गोंगाटही तोच. पुढे इन्व्हर्टर पद्धत आली. यात इंजिन गरजेप्रमाणे हळू किंवा जोरात फिरतं आणि वीज इलेक्ट्रॉनिक मंडलातून हव्या त्या आवर्तनांची करून मिळते. त्यामुळे शेजारच्याची झोप वाचली आणि पेट्रोलही.

आता शेवटची गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही विसरू नका. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोरानं चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. माणसाला वाटतं, प्रवासाचा शीण असेल. तो आडवा होतो आणि उठत नाही. पाऊस आला म्हणून जनित्र दाराशी ओढलं, चोरीला जाईल म्हणून पडवीत ठेवलं, खोली बंद होती पण खिडकी उघडी होती, एवढ्यावरूनही माणसं गेली आहेत. म्हणून यंत्र नेहमी उघड्यावर, घरापासून, तंबूपासून किंवा ट्रेलरपासून निदान वीस फूट दूर. धुराचं तोंड माणसांच्या उलट दिशेला. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही. आणि हा नियम हौशी प्रवाशापुरता नाही. लग्नाचा मांडव, दुकानाचा गाळा, गणपतीचा मंडप, सगळीकडे तो तसाच लागू आहे.

मंडळी, २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. हौसेची बिऱ्हाडं आपल्या रस्त्यांवरही दिसू लागतील, आनंदच आहे. पण आपल्या रस्त्यांवर चाकांवरची दुसरी बिऱ्हाडं फार आधीपासून आहेत. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून नि नगरकडून ऊसतोडीची कुटुंबं निघतात. गाडीत भांडी, अंथरुणं, शेळी, आणि वर बसलेली पोरं. मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत. डॉक्टर स्टेबल्स हौसेनं हिंडला. ही माणसं पोटासाठी हिंडतात. अंधार मात्र दोघांच्याही वाट्याला आला. स्टेबल्सचा अंधार दिडशे वर्षांत कधीच सरला.

जनित्र या कुटुंबांना परवडणारं नाही, आणि कोपीच्या दाराशी ते असूही नये. पण दिवसभर उन्हात ठेवलेला एखादा सौर कंदील रात्री पोराच्या पाटीवर उजेड पाडू शकतो. त्याला पेट्रोल नको, धूर नाही, धडधड नाही. गुरुजनहो, तुमच्या शाळेजवळ असा एखादा फड पडला, तर तिथल्या पोरांना फॅरेडेची गोष्ट जरूर सांगा. आणि सांगून झाल्यावर, त्यांच्या कोपीत दिवा आहे का, तेवढं एकदा जाऊन पाहा.