बेचाळीस मीटरवरचा आवाज म्हसावदला पोचला होता का?

म्हसावदला संध्याकाळी वीज गेली की सगळे वैतागतात आणि मी गच्चीवर जातो. शेतातले पंप, घराघरांतले एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर यांनी रेडिओत भरलेली करकर वीज जाताच थांबते. उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ दिसत असते. कडुनिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेली माझी सहासष्ट फुटांची तांब्याची तार अशा वेळी खरे ऐकू लागते. मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे आणि परवानाधारक हौशी रेडिओचालक, म्हणजे ज्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात तो.

आम्हा हॅम मंडळींच्या गप्पांचा एक ठरलेला क्रम असतो. आपली कॉलसाइन सांगायची, समोरच्याचा आवाज कसा येतो ते आकड्यांत सांगायचे, मग पाऊस, एरियलची उंची, कुणाचा संच बिघडला, कुणी दुरुस्त केला. ‘पाच-नऊ’ म्हणजे स्पष्ट आणि दणदणीत. प्रत्येक संभाषणाची तारीख, वेळ, वारंवारिता वहीत लिहायची. या वहीला आम्ही ‘लॉग’ म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच गप्पांत मुंबईचा एक मित्र म्हणाला, “सर, आपण आत्ता जिथं बोलतोय ना, तिथंच बेचाळीस साली काँग्रेस रेडिओ होता. तुमच्या नंदुरबारला ऐकू आला असेल?” मी लगेच म्हणालो, “आलाच असणार. ते ऐकूनच तर आमची पोरं रस्त्यावर उतरली.” तेवढ्यात पुण्याचे एक जुने हॅम मध्ये बोलले, “लॉग आहे का?”

मी गप्प झालो. कारण हेच वाक्य मी शाळेत ९ सप्टेंबरच्या हुतात्मा दिनाच्या भाषणात एकदा नव्हे, अनेकदा म्हटले होते. मुले टाळ्या वाजवत. लॉग मात्र नव्हता. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हौशी मंडळींचा काळ

आपल्याकडे रेडिओ आणला तो सरकारने नव्हे, हौशी लोकांनी. १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना ‘२जेके’ ही कॉलसाइन मिळाली. ते भारतातले पहिले हॅम मानले जातात. त्याच वर्षी मुकुल बोस ‘२एचक्यू’ झाले आणि दोन केंद्रांत हवेतून बोलणे सुरू झाले. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, म्हणजे क्लबनंतर चार वर्षांनी. १९२९ पासून भारतीय हॅमच्या कॉलसाइनची सुरुवात ‘व्हीयू’ या अक्षरांनी होऊ लागली. ती आजही तशीच आहे. माझीही तशीच आहे.

ही मंडळी मूठभर होती. १९३०च्या दशकाच्या मध्यावर परवानाधारक पन्नासही नव्हते आणि त्यांतले बहुतेक ब्रिटिश लष्करी अधिकारी होते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, नवे परवाने थांबले आणि प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी हुकूम निघाले. ज्याने स्वतःच्या हाताने गुंडाळ्या वळल्या, व्हॉल्व्ह बसवले, त्याने तो संच ठाण्यात नेऊन द्यायचा! पण संच जप्त करता येतो, तो बांधण्याचे ज्ञान जप्त करता येत नाही. काँग्रेस रेडिओची गोष्ट इथून सुरू होते.

अडीच महिन्यांचे केंद्र

८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त रेडिओ केंद्र उभारायचे ठरवले. विठ्ठलदास (बाबूभाई) खाकर आणि चंद्रकांत झवेरी त्यांच्यासोबत होते. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन या भूमिगत नेत्यांचा केंद्राशी संबंध होता. काँग्रेस अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्यावरही पुढे खटला झाला.

प्रक्षेपक बांधण्याचे काम केले ते नरिमन प्रिंटर या हॅमने. त्यांची कॉलसाइन होती व्हीयू२एफयू. जप्तीच्या काळात हे कसब असलेली माणसे शोधायची तर ती हौशी रेडिओवाल्यांतच सापडणार होती.

केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर सांगितली जाई आणि ठिकाण ‘हिंदुस्थानात कुठेतरी’ एवढेच. ३०० ला मीटरमधल्या तरंगलांबीने भागले की वारंवारिता मेगाहर्ट्‌झमध्ये मिळते. ४२.३४ ने भागून पाहा: ७.०८ येते. हॅम मंडळींच्या इतिहासात ७.१२ असा आकडाही मिळतो. दोन्ही आकडे आमच्या ‘चाळीस मीटर’च्या गल्लीतलेच आहेत. माझी सहासष्ट फुटांची तार याच लांबीसाठी कापलेली आहे. एवढीच तार ७.०८ ला अर्धलहर एरियल म्हणून चालते. शिवाय ४१ मीटरचा प्रक्षेपणपट्टा अगदी शेजारी. म्हणजे लघुलहरी असलेल्या घरगुती सेटचा काटा थोडा सरकवला की आवाज सापडावा.

सुरुवातीच्या तारखेबद्दलही दोन मते आहेत. बहुतेक जण २७ ऑगस्ट सांगतात, हॅमच्या इतिहासात २ सप्टेंबर आहे. आधी दिवसातून दोनदा, पुढे संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या सुमारास एकदाच, हिंदी आणि इंग्रजीत बातम्या व भाषणे जात. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असल्याने जागा बदलत राहावी लागे. चौपाटीपासून सुरू झालेला हा प्रवास महालक्ष्मीजवळच्या ‘पॅराडाइज’ बंगल्यात १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाडीने संपला. नरिमन प्रिंटर पकडले गेले होते; पुढे ते माफीचे साक्षीदार झाले. खटल्यात बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. नानक मोटवाने निर्दोष सुटले.

हॅम म्हणून मला इथे अवघडल्यासारखे होते. ज्या हातांनी हे केंद्र बोलते केले, त्याच माणसाची साक्ष ते बोलवणाऱ्यांविरुद्ध गेली. आमच्या गप्पांत प्रिंटरचे नाव निघाले की कुणी फक्त पहिले वाक्य सांगतो, कुणी फक्त दुसरे. इतिहासात दोन्ही लिहावी लागतात.

आवाज कुठे पडतो?

आता मूळ प्रश्न. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता हातात तिरंगा घेऊन उभा होता. तो आणि त्याचे चार साथीदार हुतात्मे झाले. २७ ऑगस्ट धरला तर तो काँग्रेस रेडिओचा चौदावा दिवस, २ सप्टेंबर धरला तर आठवा. तारखा जुळतात, मी भाषणात जे बोललो ते या जुळण्यावरच बोललो. पण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असे होत नाही. वर्गात तीस वर्षे मी हेच शिकवले होते.

मुंबईहून नंदुरबार सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर, म्हसावद त्याहून थोडे पुढे. सात मेगाहर्ट्‌झची लहर जमिनीलगत काही दहा किलोमीटर जाते आणि विरते. त्यापलीकडे ती पोचते ती आकाशातून. सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर आयनांबराचा थर असतो, त्यावर आपटून ती खाली येते. दिवसा हा थर दाट असतो, सरळ वर गेलेली लहरही परत पाठवतो; म्हणून दुपारी मुंबईचे मित्र मला पाच-नऊ ऐकू येतात. सूर्य मावळला की थर विरळ होऊ लागतो. मग वर गेलेली लहर भेदून निघून जाते, तिरपी गेलेली मात्र परततेच. ती पडते दूर, हजार-दोन हजार किलोमीटरवर. मधल्या पट्ट्यावरून आवाज उडी मारून जातो. आम्ही त्याला ‘स्किप’ म्हणतो.

काँग्रेस रेडिओ ब्रह्मदेशापर्यंत ऐकू गेल्याचे सांगतात. रंगून मुंबईहून जवळजवळ अडीच हजार किलोमीटर. पूर्वी मी या माहितीचा आधार घेऊन म्हणत असे, “ब्रह्मदेशात ऐकू गेला तर खानदेशात का नाही?” आता उमगते की हा तर्कच उलटा आहे. संध्याकाळी साडेसातनंतर आवाज लांब पोचतो तेव्हाच तो जवळच्यांना चुकवण्याची शक्यता असते.

सूर्यावरच्या डागांचे चक्रही इथे येते. डाग वाढले की आयनांबर दाट, कमी झाले की विरळ. १९३७च्या सुमाराचा उच्चांक ओसरत चालला होता आणि १९४४ मध्ये चक्र तळाला गेले. म्हणजे १९४२चे आकाश उतरत्या काळातले.

कागदावरचे गणित पुरेसे नव्हते. म्हणून गेल्या सप्टेंबरात मी रोज साडेसात ते साडेआठ गच्चीवर बसलो आणि मुंबईच्या मित्राला त्याच वेळी बोलायला सांगितले. काही संध्याकाळी तो पूर्ण तासभर ऐकू आला. काही संध्याकाळी आठच्या आत खोल विहिरीत उतरावा तसा बुडत गेला. त्याच वेळी पूर्वेकडचे लांबचे आवाज वर आले. आजचे आकाश म्हणजे बेचाळीसचे आकाश नव्हे, हे मान्य. पण एवढे समजले की मुंबई ते म्हसावद हे अंतर ‘येईल किंवा येणार नाही’ अशा सीमेवरचे आहे.

आणि ऐकायला काय होते?

आवाज आला असे धरले, तरी तो पकडायला सेट हवा. त्या काळी खेड्यात वीज नव्हती. व्हॉल्व्हचा सेट चालवायला एक जास्त दाबाची कोरडी बॅटरी आणि एक शिशाची, म्हणजे अॅक्युम्युलेटर लागे. दुसरी उतरली की भरून आणायला शहर गाठावे लागे. सेट बाळगायला टपाल कचेरीतून वर्षाला दहा रुपयांचा परवाना. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतमजुराला तो खर्च परवडणे अशक्य. नंदुरबार मात्र बाजारपेठेचे गाव, सुरत-भुसावळ रेल्वेवरचे. तिथल्या एखाद्या पेढीत सेट असणे शक्य होते.

पण त्याच रेल्वेने माणसे येत, पत्रके येत, तोंडी बातम्या येत. ९ ऑगस्टनंतर गावोगाव प्रभातफेऱ्या निघत होत्या. शिरीषकुमारच्या मित्रांना रस्त्यावर उतरायला रेडिओची गरज नव्हती. हे लक्षात आले तेव्हा माझ्या भाषणातली चूक मला खरी बोचली. मी त्या मुलांच्या धैर्याचे श्रेय नकळत एका यंत्राला देत होतो.

पोलिसांची वही

आमच्या छंदात एक नियम आहे. पलीकडच्याने ‘ऐकले’ असे कळवल्याशिवाय संपर्क पूर्ण मानत नाहीत. त्यासाठी कार्डे पाठवतात. दूरदेशीच्या टपाल-शिक्क्यांची ती कार्डे माझ्या कपाटात जपलेली आहेत. काँग्रेस रेडिओला असे कार्ड कोण पाठवणार? ऐकले म्हणून लिहिणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. तरीही एका श्रोत्याने नेमाने ऐकले, वेळ टिपली, मजकूर उतरवून घेतला. तो श्रोता म्हणजे सरकार! पोलिसांची ही टिपणे खटल्यात पुरावा झाली आणि आज केंद्रावर काय बोलले गेले हे आपल्याला कळते ते मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळेच. चिमूर-आष्टीचे अत्याचार, जमशेदपूरचा संप या दडपलेल्या बातम्या केंद्राने दिल्या. ज्यांनी आवाज बंद पाडला, त्यांच्याच वहीत तो शिल्लक राहिला.

खानदेशातल्या श्रोत्याची अशी वही नाही. म्हणून पुण्याच्या त्या ज्येष्ठ हॅमना माझे उत्तर असे: नंदुरबारला काही संध्याकाळी आवाज पोचणे शक्य होते, म्हसावदला तो पोचला तरी ऐकायला सेट असणे अवघड होते, आणि ९ सप्टेंबरची मिरवणूक रेडिओमुळे निघाली असे म्हणायला आधार नाही. हे उत्तर मी त्यांना सात मेगाहर्ट्‌झवरच दिले. पलीकडून क्षणभर नुसती खरखर आली, मग ते म्हणाले, “लॉगमध्ये लिहून ठेवा.”

यंदाच्या ९ सप्टेंबरला शाळेने पुन्हा बोलावले. मी मुलांना आधी माझी चूक सांगितली, मग स्किप समजावला. एका मुलीने विचारले, “सर, मग आपल्या गावाला बातमी कशी कळली असेल?” मी म्हणालो, “चालत आली असेल.” टाळ्या पडल्या नाहीत. मुले विचारात पडली होती.

आजही सातपुड्यात, धडगावच्या वाटेवर, वळण घेतले की मोबाईलची रेषा नाहीशी होणारे पाडे आहेत. तिथे डोंगरामागे उडी मारून जाणारा आवाज कसा खाली उतरवायचा, हाच आमच्या गप्पांतला सध्याचा विषय आहे. तार जमिनीपासून कमी उंचीवर बांधली तर लहर सरळ वर जाते आणि, दिवस असेल तर, सरळ खाली येते. मधला डोंगर आड येत नाही. कडुनिंबावरची माझी तार मी याच हिशेबाने दहा फूट खाली आणली आहे. कुणाच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, आजोबांचा जुना रेडिओचा परवाना किंवा बेचाळीसची वही सापडली, तर जपून ठेवा. एका संध्याकाळचा लॉग अजून रिकामा आहे.