बाहेरून बसणारे

हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागातील एखाद्या वयस्क गृहस्थास त्यांनी पदवी कोठून घेतली असे विचारले, तर ‘बाहेरून बसलो होतो’ असे जे उत्तर पूर्वी हमखास मिळे आणि आजही मिळते, त्यातील ‘बाहेर’ म्हणजे नेमके कशाच्या बाहेर, याची चौकशी करण्याची गरज कोणास भासत नाही. रूढ अर्थ असा की, हा विद्यार्थी विद्यापीठाच्या बाहेरचा. परंतु या मुलखाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा वृत्तान्त पाहिला असता, विद्यार्थी आपल्या जागी होता आणि बाहेर होते ते विद्यापीठच, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. कधी ते हैदराबादेस होते, कधी औरंगाबादेस, कधी नाशिकला किंवा दिल्लीला. सेनगाव तालुक्यातील एखादी मुलगी घराच्या गच्चीवर, जेथे रेंज येते त्या कोपऱ्यात बसून, इंग्रजी वाङ्मयाची आणि लेखनाची पदवी ऑनलाइन घेत असेल, तर तिच्या हातातील यंत्र नवे आहे. तिची रीत जुनी आहे.

इंग्रजी भाषा हिंगोलीत प्रथम आली ती पुस्तकातून नव्हे, तर कवाइतीच्या मैदानातून. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी फौज हैदराबाद संस्थानात ठिकठिकाणी ठेवलेली असे, त्या हैदराबाद कंटिन्जन्टचे हिंगोली हे एक ठाणे होते, आणि १९०३ च्या सुमारास ती फौज हिंदी सैन्यात विलीन होऊन छावणी उठेपर्यंत या गावाने इंग्रजी ऐकली ती बहुधा हुकूम, बिगूल आणि पगारपत्रक या तीन रूपांत. छावणी गेली, मागे राहिली ती रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे. यांपैकी पेन्शनपुरा हे नाव मला विशेष बोलके वाटते. इंग्रजांचा एक शब्द आणि मोगलाईतील वस्तीचा ‘पुरा’ यांचा असा संसार अन्यत्र क्वचितच इतका निर्वेध चालला असेल. शेक्सपिअर या वाटेने आला नाही, पेन्शन मात्र आली.

छावणीच्या कुंपणाबाहेर अंमल निजामाच्या दरबाराचा. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती, १८८० नंतरच्या दशकात ती उर्दू झाली. आणि तहसिलीत रुजू होणाऱ्या कारकुनापासून वकिलापर्यंत ज्याला ज्याला दफ्तराशी संबंध ठेवावयाचा, त्याला मराठी घरात आणि उर्दू कचेरीत अशी दुहेरी वहिवाट करावी लागे. १९१८ साली फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने ही वहिवाट उच्च शिक्षणातही कायम केली. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभे राहिले, शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले गेले, हे सर्व मान्य करूनही एवढे म्हणावेच लागेल की, ज्या देशी भाषेतून तो झाला ती संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा नव्हती. इंग्रजी तेथे अनिवार्य विषय म्हणून होती. परिणामी परभणी जिल्ह्यातील मराठी मुलगा (हिंगोली तेव्हा त्याच जिल्ह्यात) मराठीतून विचार करी, उर्दूतून इतिहास-गणित शिके आणि या दोहोंच्या पलीकडे उभ्या असलेल्या इंग्रजीकडे पाही. १९१२ साली पूर्णा-हिंगोली ही छोट्या रुळांची लोहमार्ग-शाखा सुरू झाली, तेव्हापासून त्याचा रस्ता ठरलेला असे: हिंगोलीहून पूर्णा, पूर्णेला गाडी बदलून हैदराबाद. ज्याच्या घरी खानावळीचे पैसे देण्याची ऐपत नसे, त्याची विद्या पूर्णेच्या अलीकडेच थांबे.

बाहेरून परीक्षा देण्याची कल्पना मात्र काही मराठवाड्याच्या दारिद्र्यातून जन्मलेली नाही. तिचे कूळ चांगले थोर आहे. लंडन विद्यापीठ हे आरंभी शिकविणारे विद्यापीठ नव्हतेच, ते परीक्षा घेणारे मंडळ होते, आणि १८५८ साली तर कोठेही, कसाही अभ्यास केलेल्या उमेदवाराला त्याने आपल्या परीक्षांचा दरवाजा उघडला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली ती याच नमुन्यावर. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने प्रश्न काढावयाचे, उत्तरे तपासावयाची आणि सनद द्यावयाची. तेव्हा ज्यांना आपण आज मोठ्या आदराने ‘नियमित’ पदवीधर म्हणतो, त्यांच्या परंपरेचा मूळपुरुष स्वतःच अर्धा ‘बाहेरचा’ होता. हे विसरून बहिःस्थ विद्यार्थ्याकडे नाक मुरडून पाहण्याची जी खोड आमच्या प्राध्यापकवर्गास जडली, तिचे कारण विद्वत्ता नसून हजेरीपट असावा, असा माझा जुना संशय आहे.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन करणाऱ्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम बदलले, १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादेस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महाविद्यालय सुरू झाले, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. औरंगाबाद हिंगोलीपासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही हैदराबादेच्या मानाने ते घरचे वाटले. उर्दूतून शिकून मराठी राज्यात आलेल्या एका संपूर्ण पिढीला याच काळात नव्याने परीक्षार्थी व्हावे लागले. शाळेत शिकविणारे गुरुजी सायंकाळी कंदिलाशी पुस्तक घेऊन बसत, फॉर्म भरत, मुदतीच्या आत चलन भरण्यासाठी तालुक्याला जात, आणि परीक्षेच्या महिन्यात बिनपगारी रजा काढून आपल्याच विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांच्या रांगेत बसत.

या पिढीतील सर्वांत तेजस्वी नाव सध्याच्या हिंगोली जिल्ह्याचेच आहे. नरहर कुरुंदकर १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे जन्मले. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव त्यांच्या आडनावातच आहे. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. म्हणजे विद्येचे वारे घरात होते. असे असूनही इंटरमीजिएटच्या परीक्षेने या बुद्धिमान तरुणाला रोखून धरले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन या शाळेत ते शिक्षक झाले आणि शाळेतील नोकरी सांभाळूनच पुढे बी.ए. व एम.ए. या पदव्या त्यांनी मिळविल्या. १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि १९७७ पासून प्राचार्य. अनुत्तीर्ण विद्यार्थी प्राचार्य झाला, ही गोष्ट सभांतून चवीने सांगितली जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी. या मराठीच्या शिक्षकाने ग्रंथ लिहिला तो ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’. आय. ए. रिचर्ड्स हे केंब्रिजचे समीक्षक; इंग्रजी वाङ्मय हा पदवीचा स्वतंत्र विषय म्हणून त्या विद्यापीठात नुकताच रुजत असताना, कवीचे नाव काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यांची मते लिहून घेण्याचा प्रयोग त्यांनी केला आणि तो १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. इंग्लंडातील त्या वर्गाशी काडीचा प्रत्यक्ष संबंध नसलेला, गोदावरीकाठच्या शाळेत मुलांच्या वह्या तपासणारा एक शिक्षक त्या विचाराचा मराठीत कस लावतो, यापरते ‘बाहेरून बसणे’ ते कोणते? इंग्रजीची पदवी त्यांनी घेतलेली नव्हती. इंग्रजीतला विचार मात्र त्यांनी परीक्षार्थी म्हणून नव्हे, परीक्षक म्हणून वाचला.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी कुरुंदकर निवर्तले, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टात देशातील पहिले मुक्त विद्यापीठ सुरू झाले ते हैदराबादेत. दिल्ली विद्यापीठाने १९६२ पासून टपालाने पाठ धाडण्याचा उपक्रम चालविला होताच. पण प्रवेशाची अटच सैल करणारे विद्यापीठ ही नवी वस्तू होती. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ च्या जुलैत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निर्माण झाले. राम ताकवले हे नाशिकचे पहिले कुलगुरू. दहावी-बारावीचा टप्पा हुकलेल्या माणसालाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून बी.ए.ला बसण्याची सोय झाली. इंग्रजीतील सर्जनशील लेखनाची पदविका दिल्लीच्या या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने टपालाने देऊ केली, ही गोष्ट तर कित्येक मराठी प्राध्यापकांना अजूनही खरी वाटत नाही.

मी स्वतः काही वर्षे अशा एका अभ्यासकेंद्रावर रविवारी इंग्रजीचे स्वाध्याय तपासले आहेत. समोर कंडक्टर, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, कृषी सेवा केंद्रात बसणारे तरुण. ‘आपल्या गावातील एखाद्या कामाचे वर्णन करा’ या प्रश्नावर वसमतकडील एका बाईंनी हळद शिजविण्याचे वर्णन लिहिले होते. फुलस्केप कागदाच्या कडेला पिवळ्या बोटाचा ठसा; माघ-फाल्गुनाचे दिवस, तेव्हा तो कसला हे विचारण्याचे कारण नव्हते. काढणी, शिजवणी, खळ्यावर वाळत घालणे, मग ढोलात घालून घासणे, सर्व क्रम बरोबर. इंग्रजी वाक्ये मोडकी होती. पण हळकुंड आणि गड्डा हे दोन शब्द त्यांनी इंग्रजी मजकुरात तसेच देवनागरीत लिहिले होते. इंग्रजी उत्तरात मराठी शब्द आला म्हणून मी नियमाप्रमाणे अर्धा गुण कापला. पुढच्या रविवारी बाई म्हणाल्या, “सर, शब्दकोशात दोघांनाही एकच शब्द दिलाय. बाजारात दोघांचा भाव एक नसतो. मग एकच कसा लिहू?” मी काही बोललो नाही. तो अर्धा गुण परत देण्याची तरतूद नियमात नव्हती, आणि तशी मागणीही त्यांनी केली नाही. लेखन ही काय वस्तू आहे हे त्या वर्गात एका व्यक्तीला कळले होते, आणि ती व्यक्ती टेबलाच्या पलीकडे बसलेली होती.

१९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा. बाहेरचे विद्यापीठ जवळ येत गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणक्रमांचे एकत्रित विनियम काढले व २०२२ मध्ये, मान्यताप्राप्त संस्थांच्या अशा पदव्या नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहेत, असे जाहीर केले. कागदोपत्री तंटा मिटला. नोकरीच्या मुलाखतीत मात्र ‘रेग्युलर की बाहेरून?’ हा प्रश्न अद्याप बरखास्त झालेला नाही.

या रिवाजाचा इतिहास पुस्तकांत सापडणार नाही. तो आहे उस्मानियाच्या आणि औरंगाबादच्या जुन्या परीक्षा-दफ्तरांत, बहिःस्थ उमेदवारांच्या याद्यांत, आणि घराघरांतील ट्रंकांच्या तळाशी, लग्नपत्रिका व सात-बाऱ्याच्या उताऱ्यांखाली ठेवलेल्या हॉलतिकिटांत. ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल, त्यांनी या दिवाळीच्या सफाईत ती रद्दीवाल्यापुढे रिकामी करण्यापूर्वी एकवार स्वतः उघडून पाहावी.